ऑइलचा हेड वेगळा

इंजिन ऑइल चाखून बघणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. मी पाहिलाय, तो माझ्या शेजारीच राहतो. नव्या डब्याचं झाकण उघडलं की मनोहरराव गावंडे आधी एक थेंब चिमटीत चोळतात, मग नाकाशी नेतात आणि शेवटी डोळे मिटून जिभेच्या टोकाला लावतात. घरी गावंडेकाकूंनी बासुंदीची चव बघायला दिली तर हाच माणूस "ठीक आहे" म्हणून मोकळा होतो. ऑइलला मात्र पुरता वेळ देतो. मग कुंपणाशी जाऊन थुंकायचं, चूळ भरायची आणि निकाल सुनावायचा: "मास्तर, रेकॉर्डवर घ्या. हे ऑइल उन्हायात पानी होईन."

मास्तर म्हणजे मी. अमरावतीतल्या एका शाळेत गणित शिकवतो, त्यामुळे गल्लीतल्या कुणाचाही हिशेब चुकला की माझं डोकं फिरतं. आणि मनोहररावांचा हिशेब कायमच चुकलेला.

ते कोर्टात क्लार्क होते. निवृत्त झाले, पण कोर्ट काही अंगातून गेलं नाही. काकूंनी नवा कुकर मागितला की "पुढची तारीख." मी शिडी मागितली की "अंशतः मंजूर." म्हणजे शिडी मिळणार, पण खाली ती धरून ते स्वतः उभे राहणार आणि खिळा कुठे ठोकायचा ते सांगणार. माझ्या घरातलं एकही कॅलेंडर माझ्या मर्जीच्या जागी नाही.

त्यांची एक जुनी काळी मोटारसायकल होती आणि तिच्याबद्दल एक कडक नियम होता. एका कंपनीचं ऑइल लागोपाठ दोनदा घ्यायचं नाही. लाल डब्यानंतर पिवळा, पिवळ्यानंतर निळा, निळ्यानंतर कुणी नावही न ऐकलेला हिरवा.

"कंपनीले आपली सवय लागू द्याची नाही, मास्तर. सवय लागली का ते भाव वाढवते."

"काका, तुम्ही कोण हे त्या कंपनीला माहीत तरी आहे का?"

"म्हनूनच तर वाचलो!"

आता बोला. रिकामे डबे कापून त्यांत काकूंचा ओवा आणि कोरफड लावलेली. काढलेलं जुनं ऑइल गल्लीतल्या झाडून सगळ्या फाटकांच्या बिजागऱ्यांना, तेही न विचारता. माझ्या दोन पॅंटी त्यात कामी आल्या. तक्रार केली तर म्हणाले, "फाटक कुरकुरते का आता? मंग तुमी काहून कुरकुरून राहिले?"

हे सगळं मी सोसलं असतं. पण हे ऑइल ते आणत कुठून, तर अकोल्याहून! अमरावतीत ऑइलची दुकानं काय कमी आहेत? पण नाही. तिथल्या एका दुकानात थोडं स्वस्त मिळतं म्हणून हा गृहस्थ भर उन्हात डोक्याला दुपट्टा बांधून शंभरेक किलोमीटर गाडी हाकत जायचा आणि तेवढाच परत यायचा. एकदा मी त्यांना ओट्यावर बसवून खडूने फरशीवरच हिशेब मांडून दाखवला. वाचवता किती, पेट्रोलला घालवता किती.

त्यांनी शांतपणे सगळं बघितलं. "गनित बरोबर आहे," म्हणाले, "पन तुमी खर्चाचे दोन हेड एकात कालवले. पेट्रोल पेट्रोलच्या हेडात जाते. ऑइलचा हेड वेगळा."

मी खडू फेकून घरी आलो.

मागच्या हिवाळ्यात मला अकोल्याला सासऱ्यांकडे काम निघालं. मनोहरराव निघालेच होते, म्हणाले, बसा मागं. बसलो. संत्र्यांची एक भलीमोठी पिशवी त्यांनी माझ्या मांडीवर दिली आणि ती अमरावतीपासून अकोल्यापर्यंत मांडीवरच राहिली. पाय इतके बधिर झाले की दुकानापाशी मी उतरलो नाही, अक्षरशः ओघळलो.

दुकानदाराला पाहिलं आणि चक्रावलो. तेच नाक, तेच टक्कल, नाकाच्या शेंड्यावर चष्मा ठेवायची तीच ढब. मनोहररावांनाच थोडे जास्त उन्हाळे दाखवून गल्ल्यावर बसवलेलं. वर पाटी बघितली: गावंडे ऑटो स्टोअर्स.

"बोला," दुकानदार म्हणाले.

"मांगचं ऑइल बेकार निंघालं तुमचं."

"ऑइल चांगलं होतं. गाडी हाकनारा बेकार असन."

"गिराइकासंग असं बोलतेत काय?"

"गिराइकानं गिराइकासारखं राहावं. एवढे सुकले काहून? शुगर वाढली काय?"

"तो आजचा विषय नाही. ऑइल दाखवा."

मग अर्धा तास नुसती घासाघीस. डबे उघडले, चोळले, चाखले. मागचं ऑइल किती वाईट होतं याचं मनोहररावांनी भलंमोठं वर्णन केलं आणि दुकानदारांनी एकेका मुद्द्यावर त्यांची जिरवली. दोघांच्याही चेहऱ्यावर असं काही तेज चढलं होतं की मी दोनदा निघू का म्हणालो ते कुणाला ऐकूच गेलं नाही. शेवटी एक करडा डबा पसंत पडला.

"यावर स्कीम आहे," दुकानदार म्हणाले आणि काउंटरखालून लोणच्याची बरणी काढली. घरची, तोंडाला फडकं बांधलेली.

"ऑइलवर लोणचं? कंपनीची स्कीम?" मी विचारलं.

"कंपनीची!" दोघं एकदम माझ्यावर खेकसले.

मनोहररावांनी मग संत्र्यांची पिशवी काउंटरवर ठेवली. "हे वझं झालं आमाले. गाडीवर नेता येत नाही. ठेवा इथंच."

माझ्या पायांना अजून मुंग्या येत होत्या.

परतताना मूर्तिजापूरला चहाला थांबलो तेव्हा मात्र राहवलं नाही. "काका, ते तुमचे कोण?"

"दादा. सख्खा."

बशीत फुंकर मारत त्यांनी सांगितलं. काही वर्षांपूर्वी शेतात गोवऱ्यांवर भाजलेल्या रोडग्यांची पंगत होती, सगळे भाऊबंद जमलेले. बोलता बोलता हे म्हणून गेले की सगळ्या कंपन्यांचं ऑइल एकाच टाकीतलं, दुकानदार रंगीत डब्याचे पैसे घेतात. झालं! दादा उठले, "म्हंजे मी लोकाले लुबाडतो काय?" शब्दाला शब्द वाढला. हे म्हणाले, भाऊ म्हणून तुझ्या दुकानाची पायरी चढणार नाही. ते म्हणाले, मीही भाऊ म्हणून तुझ्या घराची पायरी चढणार नाही. पानातली वांग्याची भाजी तशीच राहिली.

"सगळ्यायसमोर बोललो न मास्तर. शब्द रेकॉर्डवर गेला."

"मग आता?"

"आता काय? भाऊ म्हनून चढनार नाही, असं बोललो होतो. गिराईक म्हनून चढाले कोनाची मनाई आहे?"

"पण काका, सगळं ऑइल एकच असं तुम्हीच म्हणता. मग दरवेळी बदलता कशाला?"

त्यांनी बशी खाली ठेवली. "अबे मास्तर, तेच ते घेतलं तर खराब निंघालं असं कसं म्हनू? जाऊन काही बोलाले तर पाहिजे न."

गणित शिकवणाऱ्याला इतका साधा हिशेब कळू नये! मी चहाचे पैसे दिले आणि लोणच्याची बरणी मांडीवर घेऊन मागे बसलो.

त्यानंतर यंदा दिवाळीला त्यांचा पुण्याचा मुलगा आला. चांगला पोरगा आहे, बापाची काळजी करणारा. या वयात बाबांनी किक मारत बसू नये म्हणून त्याने जुनी गाडी देऊन टाकली आणि विजेवरची नवी कोरी स्कूटर दारात आणून उभी केली. काकूंनी ओवाळलं, गल्लीत पेढे वाटले. मनोहरराव गाडीभोवती एक फेरी मारून आले आणि खाली वाकून म्हणाले, "हिचं ऑइल कुठून टाकतेत?"

"बाबा, हिला ऑइलच लागत नाही," मुलगा आनंदाने म्हणाला. "आता खर्चच संपला."

मनोहरराव हसले, पण ते हसणं मला बघवलं नाही.

मुलगा गेला, थंडी पडली. स्कूटर चार्जिंगची वायर लावून उभी आणि हे तिच्याशेजारी खुर्ची टाकून बसलेले. निकाल नाहीत, तारखा नाहीत. काकूंनी कुकर मागितला तर सरळ "घे" म्हणाले, तेव्हा काकू रडकुंडीला येऊन माझ्याकडे आल्या. मी गेलो आणि चांगलंच झापलं त्यांना. "काका, बसमध्ये बसा आणि जा की अकोल्याला! कोण अडवतंय?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "जाईन मास्तर. पन कोन्या नात्यानं जाऊ?"

मला खूप राग आला, त्या दोन म्हाताऱ्यांचा आणि त्यांच्या त्या शब्दाचा.

परवा रविवारी सकाळी मी पेपर वाचत ओट्यावर बसलो होतो. एक रिक्षा येऊन थांबली. त्यातून गावंडे ऑटो स्टोअर्स उतरले, हातात ऑइलचा डबा. ते फाटकातून आत आले, पण घराच्या पायरीखालीच थांबले.

"नवीन कंपनीचं ऑइल आलं आहे," ते बंद दाराकडे बघून मोठ्याने म्हणाले. "पाहिजे काय?"

मनोहरराव बाहेर आले आणि दारातच थबकले.

"इतके दिवस झाले, गिराईक आलं नाही," दुकानदार म्हणाले. "म्हटलं, गाडी बिघडली का मानूस. म्हनून इकाले आलो."

"गाडी गेली," मनोहरराव म्हणाले. "आता ऑइल लागतच नाही."

दादांनी त्या स्कूटरकडे पाहिलं, मग हातातल्या डब्याकडे. "मंग मी आता काय इकू तुले?"

मनोहरराव पायऱ्या उतरून आले, डबा घेऊन बाजूला ठेवला आणि वाकून दादांच्या पाया पडले. कुठलं गिराईक दुकानदाराच्या पाया पडतं?

दादांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला तो बराच वेळ काढला नाही. मग चपला काढल्या आणि पायरी चढत म्हणाले, "पुरे आता, मन्या. मले भूक लागली."