डाव्या स्पीकरचा काळा

ज्ञानदेवांनी गरम कुकर डाव्या स्पीकरवर ठेवला तेव्हा त्यांचं लक्ष टीव्हीवर होतं, एवढंच त्यांच्या बाजूनं म्हणता येईल. बातम्या संपल्या, खिचडी संपली, त्यांनी कुकर उचलला आणि स्पीकरच्या काळ्याभोर डोक्यावर ताटलीएवढं पांढरं कडं उठलेलं दिसलं.

स्पीकरवर कुकर कशाला, असं कुणी विचारेल. चिंचवडच्या त्या घरात जेवणाचं टेबल होतं. पण सरूबाईंना जाऊन दोन वर्षं झाली होती आणि टेबलाचा ताबा रद्दीनं, लाइटबिलांनी आणि इस्त्रीच्या कपड्यांनी घेतला होता. शिवाय बायको गेल्यावर चार खुर्च्यांच्या टेबलाशी एकट्यानं बसलं की ज्ञानदेवांना घास उतरत नसे. म्हणून ते स्पीकरपाशी खुर्ची ओढून बसत. उंची बरोबर होती आणि समोर टीव्हीत कुणी ना कुणी बोलत असायचं.

एरवी त्या कड्याकडे कोण बघतंय? पण येत्या रविवारी संघर्ष स्पीकर न्यायला येणार होता. संघर्ष हा त्यांचा एकुलता मुलगा. वाकडला चौदाव्या मजल्यावर राहायचा, आयटीत होता. वाकड ते चिंचवड अर्ध्या तासाचा रस्ता, पण तीन महिन्यांत तो त्याला सापडला नव्हता. दर रविवारी फोन मात्र यायचा, चार मिनिटांचा. गेल्या फोनवर तो म्हणाला होता, "पप्पा, ते जुने लाकडी स्पीकर आम्ही नेऊ का? मिनलला फार आवडलेत. नव्या हॉलमध्ये सगळं काळंच फर्निचर केलंय." सुनेला आपल्या घरातलं काहीतरी आवडलं याचाच ज्ञानदेवांना इतका आनंद झाला, की ते दोनदा "ने की" म्हणाले. आता ते कडं मुलाच्या नजरेला पडलं, तर बाप कुठं आणि कसा जेवतो हे उघड झालं असतं. फोनवर तर ज्ञानदेव रोज साग्रसंगीत जेवत होते.

रंगाची त्यांना भीती नव्हती. चाकणच्या एका कंपनीत, पेंट शॉपमध्ये, त्यांची एकतीस वर्षं शेड तपासण्यात गेली होती. गाडीच्या दरवाजाच्या आणि बॉनेटच्या रंगात केसाएवढा फरक दिसला तरी माल परत पाठवणारा माणूस. आपण कधी खराब पीस पास केला नाही आणि चांगला नापास केला नाही, असं ते स्वतःच सगळ्यांना सांगत, पण ते खरं होतं.

बुधवारी त्यांनी कड्यावर खोबरेल तेल चोळलं. कडं गेलं नाही, चकाकायला लागलं. गुरुवारी पॉलिश पेपरनं हलक्या हातानं घासलं. कडं गेलं, आणि त्याच्याबरोबर काळाही गेला, खालचं पिवळट लाकूड वर आलं. शुक्रवारी ते स्टेशनजवळच्या रंगाच्या दुकानात गेले.

"लाकडाचा काळा द्या."

"हा घ्या, काका."

"यात कोणता काळा आहे?"

"काळा म्हणजे काळाच की."

"तसं नसतं. काळ्यात निळा असतो, तांबडा असतो, हिरवा असतो."

दुकानदारानं डबा परत फळीवर ठेवला. "काका, तुम्हाला नक्की काळा पाहिजे का नको?"

ज्ञानदेवांनी तीन डबे घेतले. पहिला काळा निळसर निघाला. त्यात दुसरा मिसळला तर तपकिरी झाला. तिसरा मिसळल्यावर मात्र असा दाट, गंभीर काळा जमला की त्यांनी सगळा डावा स्पीकर घासून त्यानं रंगवून काढला. मग उजव्याशेजारी ठेवून पाहिला, तर बिचारा उजवा राखाडी दिसायला लागला. वीस वर्षं खिडकीतलं ऊन खाल्लेला तो. म्हणून शनिवारी सकाळी त्यांनी उजवाही घासला, अगदी लाकडापर्यंत.

दुपारी चहा घेताना त्यांच्या हातातला कप तसाच राहिला. मूळ काळा कसा होता हे सांगणारं आता घरात काहीच उरलं नव्हतं. एकतीस वर्षं त्यांनी कंपनीतल्या पोरांना बजावलं होतं, की मास्टर पीसला, म्हणजे ज्याच्याशी बाकी सगळा माल जुळवायचा त्या मूळ नमुन्याला, हात लावायचा नाही, जग बुडालं तरी लावायचा नाही. आणि स्वतः घरातला मास्टर पीस सकाळी साडेनऊ वाजता घासून मोकळे झाले होते.

संध्याकाळपर्यंत ते स्पीकरभोवती फिरत राहिले. शेवटी समोरची कंपनीच्या नावाची पितळी पट्टी त्यांनी स्क्रू काढून उचकटली. तिच्याखाली अंगठ्याएवढा मूळ काळा शाबूत होता. वीस वर्षांत त्याला ना ऊन लागलं होतं, ना कुकर. ज्ञानदेवांना भरून आलं, आणि तेवढ्यात आठवलं, की आता दोन्ही स्पीकर याच्याशी जुळवायचे आहेत आणि उद्याच रविवार आहे. डाव्यावरचा तो गंभीर काळा त्या अंगठ्यापुढं निव्वळ डांबर होता. तोही त्यांनी घासून काढला.

रविवारी संघर्ष आला. "जयभीम, पप्पा," म्हणाला आणि दारातच थांबला. हॉलभर वर्तमानपत्रं पसरलेली, त्यावर दोन पिवळे उघडे खोके.

"हे काळे होते ना?"

"होते. होतील. जरा फिनिशिंग काढलंय. तुमच्या हॉलमध्ये असे जुनाट कसे द्यायचे?"

"अहो, पण मी कधी म्हटलं?"

"पुढच्या रविवारी ने."

संघर्षनं घड्याळ पाहिलं, मग बाह्या सरसावल्या. रिकाम्या हातानं परत जाण्यापेक्षा घासलेलं बरं, असं त्याला वाटलं असावं. दोन तास बापलेक लाकडाच्या रेषेच्या दिशेनं पॉलिश पेपर फिरवत बसले. दोन तासांत ज्ञानदेव जेवढं बोलले तेवढं त्या महिन्यात बोलले नव्हते.

पुढच्या रविवारी रंग हिरवट झाला. तिसऱ्या रविवारी मिनल डबा घेऊन आली, तिघं वर्तमानपत्रांवरच जेवली, आणि त्या दिवशी शेड जमली तर वरून दिलेला लॅकर जास्त चकाकला. ज्ञानदेवांची हात चालवण्यात काही हयगय नव्हती. काळा खरोखरच हट्टी होता.

मधल्या दिवसांत दुसरी अडचण. कंपनीत शेड एकट्यानं पास करायची नाही असा नियम होता. एकाच माणसाचे डोळे थकतात, त्याला हवं तेच दिसायला लागतं, म्हणून दुसरा माणूस लागतोच. ज्ञानदेव दुसऱ्या माणसाच्या शोधात निघाले. शेजारच्या मुलीनं दार फटीएवढं उघडून "पार्सल खालीच ठेवा" म्हटलं आणि लावून घेतलं. अकरा वर्षं ते तिच्या भिंतीपलीकडे राहत होते. शेवटी सोसायटीचा वॉचमन चिमाजी वर आला. मूळचा मावळातला माणूस, टोपी काढून त्यानं दोन्ही स्पीकर निरखले.

"डावा वाईच भुरका हाय."

ज्ञानदेव चमकले. "कशावरून?"

"आमी बैलांची शिंगं रंगवायचो ना. दोन शिंगांत फरक पडला की सारा गाव हसायचा. भुरका हाय, लिवून ठेवा."

ज्ञानदेवांनी पुन्हा पाहिलं. होताच भुरका.

चौथ्या आठवड्याच्या गुरुवारी, सकाळी, तो जमला. पट्टीखालचा अंगठा, डावा, उजवा, तिन्ही एक. खिडकीजवळ, खिडकीपासून लांब, उभं राहून, बसून, सगळीकडून एक. चिमाजीला बोलावलं. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "आता पास करा, सायेब. ह्याच्यात न्हाई काही काढायला."

चिमाजी गेल्यावर ज्ञानदेव त्या स्पीकरांपुढं बसून राहिले. आयुष्यात इतकं सुंदर काम झालं नव्हतं आणि त्यांना मुळीच आनंद होत नव्हता. पास केलं की संघर्ष स्पीकर नेणार, आणि रविवार पुन्हा चार मिनिटांचा होणार. डावा निळसर आहे म्हटलं असतं तर पोराला काय कळणार होतं? तीन दिवस त्यांनी ते वाक्य मनात घोळवलं.

रविवारी संघर्षनं विचारलं, "काय पप्पा, काय म्हणतोय काळा?"

ज्ञानदेवांनी घसा साफ केला. "पास," ते म्हणाले. चांगला पीस नापास करायला त्यांची जीभ वळली नाही.

"सुटलो बाबा एकदाचे," संघर्ष खुशीत म्हणाला. "तुमच्याही मागची कटकट गेली."

"गेली," ज्ञानदेव म्हणाले. मिनल डबा उघडत होती, तिनं फक्त मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं.

स्पीकर गेले. वर्तमानपत्रं गोळा झाली. पुढच्या रविवारी फोन आला, आवाज झकास आहे म्हणाला, चार मिनिटं. त्याच्या पुढच्या रविवारी मीटिंग होती म्हणून तीन. ज्ञानदेवांनी दोनदा चिमाजीला चहाला वर बोलावलं, पण पास झालेल्या मालाबद्दल बोलणार तरी किती?

मग एका शुक्रवारी मिनलचा फोन आला.

"पप्पा, स्पीकरमध्ये फरक दिसतोय."

"शक्य नाही."

"तुमच्याकडे उन्हात बघितलं ना आपण? आमच्या हॉलच्या पिवळ्या लाइटमध्ये दिसतो."

असं होतं, हे ज्ञानदेवांना पक्कं ठाऊक होतं. उन्हात जुळलेल्या शेड दिव्याखाली फुटतात. म्हणजे एकतीस वर्षांनी, रिटायर झाल्यावर, हातून खराब पीस पास झाला.

"लगेच येतो," ते म्हणाले.

"सामान घेऊन या. आणि दोन-चार दिवसांचे कपडेपण आणा, काम वाढलं तर."

वाकडच्या गेटवर गार्डनं मोबाईल पुढं धरून विचारलं, "गेस्ट, डिलिव्हरी का सर्व्हिस?" ज्ञानदेवांनी हातातल्या डब्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, "सर्व्हिस."

चौदाव्या मजल्यावर संघर्षनं दार उघडलं. "पप्पा, उगाच आलात. मला तर दोन्ही सारखेच दिसतात. हिला कालपासून तेच सांगतोय."

"आहे फरक," आतून मिनल म्हणाली.

ज्ञानदेवांनी चपलासुद्धा धड काढल्या नाहीत. पिवळा दिवा लावला, विझवला, पुन्हा लावला. पडदे ओढले. उकिडवे बसले, स्टुलावर चढले. दोन्ही स्पीकर एकसारखे होते. फरकाचं नाव नव्हतं. त्यांनी वळून सुनेकडे पाहिलं. ती स्पीकरकडे बघतच नव्हती. धाकट्या खोलीतल्या पलंगावर नवी चादर पसरत होती, कोपरे ओढून नीट करत होती.

ज्ञानदेव स्टुलावर तसेच उभे राहिले.

"आहे," ते म्हणाले. "डावा जरासा तांबूस मारतोय."

"कुठं? मला तर काहीच..."

"तुला नाही कळायचं."

संघर्षनं डोकं खाजवलं. "बरं. मग किती दिवस लागतील?"

"काळ्याचं काही सांगता येत नाही," ज्ञानदेव म्हणाले, आणि कपड्यांची पिशवी घेऊन धाकट्या खोलीकडे गेले.