चेंडू अद्याप हवेत

दर्यापूरच्या मुलींच्या शाळेच्या मैदानावर तेहतीस वर्षांपूर्वी टाकलेला सॉफ्टबॉलचा चेंडू परवाच्या मंगळवारी खाली आला. तो येणार अशी स्पर्धा समितीची नोटीस शाळेच्या संघाचे प्रशिक्षक पुंडकर सरांना आठ दिवस आधीच मिळाली होती. सरांनी ती चष्मा लावून दोनदा वाचली आणि बायकोला म्हणाले, "माही पांढरी पँट काढून ठेव. सामना हाय."

सामना म्हणजे तोच, ब्याण्णव सालचा. स्लोपिचमध्ये चेंडू हात खालून आणून, कमान करून, सावकाश टाकतात. हा जरा जास्तच सावकाश निघाला, इतकंच. शेवटचा डाव होता, दोघी बाद झालेल्या, तिन्ही बेसवर आपल्या पोरी उभ्या, आणि बॅट आठवीतल्या प्रतिभा बोंडेच्या हातात. तिचे दोन स्ट्राइक झालेले. समोरच्या संघातल्या मुलीनं चेंडू टाकला, तो निंबाच्या शेंड्याएवढा वर गेला आणि तिथंच राहिला. पंचांनी दिवस मावळेपर्यंत वाट पाहिली. मग समितीनं ठराव केला, की चेंडू अद्याप हवेत असल्यामुळे सामना चालू समजावा. खेळाडूंनी घरी जायला हरकत नाही, मात्र बदली खेळाडू कुणालाही मिळणार नाही. सगळं नियमाला धरून होतं, म्हणून कुणी तक्रार केली नाही.

चेंडू वर्षाला वीतभर खाली येई. सरांनी पुढच्या सगळ्या पोरींना त्याच्याखालीच शिकवलं. कुणी घाई केली की बोट वर करून म्हणत, "त्याले हाय का घाई?" पोरी वर बघत आणि बॅट पुन्हा खांद्यावर घेत. संक्रांतीला त्या बाजूला पतंग उडवायचे नाहीत, हे गावातल्या लहान पोरांनाही ठाऊक होतं.

पण सरांच्या जिवाला एक गोष्ट लागून राहिली होती. प्रतिभाच्या मनगटात ताकद होती, धीर म्हणून नव्हता. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तशातली गत. चेंडू कमानीच्या माथ्यावर असतानाच हिची बॅट फिरून मोकळी. म्हणून सरांनी एक युक्ती काढली होती. चेंडू उतरायला लागला की एसटीच्या रस्त्यावरची गावं मोठ्यानं म्हणायची: दर्यापूर, अंजनगाव, परतवाडा. मारायचं ते परतवाड्याला. बाकीच्या पोरी नीट परतवाड्यापर्यंत जात. प्रतिभा अंजनगावलाच उतरायची. पुढं तिला दिलीही अंजनगावलाच, आणि सरांना ते लग्नाच्या पत्रिकेतच खटकलं होतं.

त्या सामन्यात मात्र ती पहिल्यांदा थांबली होती. ती थांबली आणि चेंडूच आला नाही. तेव्हा आपण शिकवलेलं पोरीला आलं की नाही, हे सरांना उभ्या नोकरीत कळलं नाही. आता वय अठ्ठ्याहत्तर. एवढं एक कळलं की झालं, असं ते बायकोला म्हणत.

मंगळवारी तीनलाच सगळ्या जमल्या. प्रतिभा आता शेहेचाळीस वर्षांची, शिवणक्लास चालवणारी बाई. सोबत कॉलेजातली मुलगी होती. समोरच्या संघाच्या कॅचरचे गुडघे गेले होते, तिला समितीनं प्लास्टिकची खुर्ची मंजूर केली. दुसऱ्या बेसवरची सुनंदा सहा वर्षांपूर्वी वारली. तिची जागा भरलेली समजावी, असं नोटिशीत होतं. तिथं कुणी उभं राहिलं नाही, आणि त्या बेसवरून कुणी चालतही गेलं नाही.

"सर, माह्याच्यानं होईल का?" प्रतिभानं विचारलं.

"गावं किती?"

"तीन."

"उतरायचं कुठं?"

"परतवाड्याले."

"मंग झालं तर," सर म्हणाले. त्यांनी हात पँटच्या खिशात घातले.

शेवटचे दहा फूट चेंडू नेहमीच्या वेगानं येईल, असं पंचांनी वाचून दाखवलं. चार वाजून दहा मिनिटांनी तो सुटला.

"दर्यापूर," प्रतिभा मोठ्यानं म्हणाली. "अंजन..."

आणि बॅट फिरली. चेंडू मागाहून आला आणि प्लेटवर धप्प करून पडला. पंचांनी तिसरा स्ट्राइक दिला. एका धावेनं सामना गेला.

सर तरातरा मैदानात आले. "काय वं प्रतिभे! तेहतीस वर्षं थांबली, अन् एक गाव थांबता नाही आलं तुले? अन् खांदा पाहा कसा पाडला! केस डोयावर! किती डाव सांगतलं, केस बांधत जाय म्हणून!"

प्रतिभा हात पाठीमागे बांधून, मान खाली घालून उभी राहिली. डोळ्यांतून पाणी गळत होतं.

"आजोबा, बस करा ना," तिची मुलगी पुढं झाली. "आई रडून राहिली."

"राहू दे वं," प्रतिभा म्हणाली. "बोलू दे त्याहिले. माय-बाप गेल्यापासून मले रागावणारं कोणी नव्हतं."

सरांना वाईट वाटायला हवं होतं. आयुष्यात एकच गोष्ट जीव लावून शिकवली, आणि ती आली नव्हती. पण समोर ती आठवीतली पोरगी जशीच्या तशी उभी होती, तिचा एक केसही बदलला नव्हता, आणि सरांना भलताच आनंद झाला. त्यांनी खाकरून घेतलं.

"अन् पाय? पाय कुठं होता तुहा?"

"मांगं, सर."

"मांगं कायले?"

प्रशिक्षकाचं बोलणं संपेपर्यंत मैदान सोडता येत नाही, म्हणून पंच स्कोअरबुक मिटून उभे राहिले. दोन्ही संघ उभे राहिले. पायापासून केसांपर्यंत रागावण्यासारखं सगळं संपलं, तेव्हा सरांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.