नानांची उलटी पवनचक्की

आमच्या शेजारचे हिंदुराव नाना आलेल्या पाहुण्याला चहापाणी विचारण्याआधी विहिरीवर न्यायचे आणि तिथल्या पवनचक्कीकडं बोट दाखवून विचारायचे, "सांगा, कंच्या अंगाला फिरतीया?"

पाहुणा म्हणायचा, डावीकडं. मग त्याला चक्कीच्या मागं उभं करून पुन्हा तोच प्रश्न. मागून ती उजवीकडं फिरताना दिसायची.

"बगा. चक्की तीच, वारा त्योच. तुमी कुटं हुबं ऱ्हाताय, त्यावर हाय समदं."

नाना पलटणीच्या वर्कशॉपमधून पेन्शनीत आलेले. सांगलीहून पत्रा आणून चक्की त्यांनी स्वतः बांधली. समोरून ती घड्याळाच्या उलट फिरायची, आणि गावाला तेच खुपायचं. औंधला यमाईच्या दर्शनाला निघालेल्या बायका तिच्यापुढून जाताना मान फिरवायच्या. नाना नुसते हसायचे.

एकाहत्तरच्या लढाईत त्यांचा एकुलता एक मुलगा गेला. तार मीच वाचून दाखवली. तेराव्याला कुणीतरी बोललं, दारात उलटं चाक फिरतंय, दुसरं काय व्हायचं. सोनाकाकूंनी, म्हणजे नानांच्या बायकोनं, ते मनात धरलं. त्या नानांशी बोलेनाशा झाल्या. त्या विहिरीचं पाणीही सोडलं. हंडा घेऊन ओढ्यावर जायच्या.

मला वाटलं, नाना त्यांनाही चक्कीमागं नेऊन समजावतील. त्यांनी चक्कीच खाली उतरवली आणि एकेक पातं उलट्या बाकाचं नव्यानं ठोकायला घेतलं. उलट-सुलट फिरण्यात काही तथ्य नाही हे तुम्हीच सगळ्यांना सांगत होता ना, असं मी विचारलं.

"मला म्हाईत हाय, गुरुजी. पर तिला कुनावर तरी राग धराया पायजे हुता. देवावर धरला आसता, तर हात जोडाया तिला कोन उरलं आसतं? म्हनून चूक माझीच म्हनून म्या त्यो माझ्यावर घितला."

चक्की उजवी फिरू लागली. पण आसाच्या टोकाच्या नटाचे आटे जुन्या फिरतीच्या बेतानं पाडलेले. तो आता सारखा सैल व्हायचा. दर आठवड्याला नाना पान्हा घेऊन शिडी चढायचे. साठी उलटलेली, पाय थरथरायचे. काकू ओढ्याकडं जाता-येता बघायच्या.

एका सकाळी मी खाली उभा होतो. काकूंनी हंडा बाजूला ठेवला आणि दोन्ही हातांनी शिडी धरली.

"आवं, जपून उतरा," त्या म्हणाल्या. दीड वर्षात त्या नानांशी पहिल्यांदाच बोलत होत्या.

नट केव्हाच घट्ट झाला होता. तरी नाना आमच्याकडं पाठ करून बराच वेळ वरच बसून राहिले.