नेव्हिल ट्रास्कचे न मोडणारे आर्म

"चाक गाडीलाच राहील याची खात्री दे, मग बसते," डोरीन ट्रास्कनं नवऱ्याला न्याहारीच्या टेबलावरच सुनावलं.

तिचं काही चुकत नव्हतं. गेल्या वर्षीच्या मोटार-बग्ग्यांच्या शर्यतीत ती नकाशा घेऊन नेव्हिलच्या शेजारी बसली होती. ऐन उतारावर एक चाक त्यांना मागे टाकून पुढे निघून गेलं. "कुणाचं गं ते?" असं नेव्हिलनं कौतुकानं विचारलं, आणि बग्गीनं नाक जमिनीत खुपसलं. चाकाला सांगाड्याशी जोडणारा आर्म, विकतचा आणि चांगला चकचकीत, काडीसारखा मोडला होता. तेव्हापासून डोरीनचा भाऊ क्लॅरी भेटेल तिथे विचारायचा, "काय नेव्ह, आलं का चाक घरी?"

नेव्हिल कॅथरीन गावाच्या दक्षिणेला गुरांच्या अफाट रानांमधून बोअर आणि पवनचक्क्या दुरुस्त करत हिंडायचा. त्याच्या शेडमागे बोअर खोदायचे जुने पाइप पडले होते. खडकाच्या पोटात जाऊन आलेले, तरी सरळच्या सरळ. तेच कापून त्यानं आर्म करायला घेतले. आतून तिरके आधार दिले, कोपऱ्यांत जाड पोलादी त्रिकोण बसवले आणि वेल्डिंगचे थर चढवले ते असे, की सांधा कुठे संपतो आणि आर्म कुठे सुरू होतो ते त्याचं त्यालाही सांगता येईना.

पहिला आर्म तयार झाल्यावर तो ट्रकच्या वर्कशॉपमधल्या लोखंड दाबून वाकवायच्या मोठ्या प्रेसखाली ठेवला. बघायला अर्धं गाव जमलं. प्रेस खाली आली, टेकली, कण्हली. मग तिच्या बुडातून तेलाची चिळकांडी उडाली आणि ती बंद पडली. आर्म होता तसाच.

शर्यतीची सर्वेसर्वा आयव्ही नॅनकर्व्हिस काठी टेकत पुढे झाली आणि तिनं त्या लोखंडावरून हात फिरवला.

"देवानं मला असे गुडघे दिले असते ना," ती म्हणाली, "तर दोन नवरे आणखी केले असते!"

क्लॅरीनं चाकाचं नावही काढलं नाही. नेव्हिलच्या दृष्टीनं ह्याहून मोठं प्रशस्तिपत्र नव्हतं.

पण पहिल्याच चाचणीत कोरड्या ओढ्यातल्या दगडावर चाक आदळलं. आर्मला काही झालं नाही. तो जिथे बसवला होता ती पट्टी तेवढी फाटली. नेव्हिलनं पट्टी दुप्पट जाड केली. पुढच्या वेळी पट्टी टिकली, सांगाडा वाकला. मग सांगाडा जाड केला. त्यात पाइप संपले, म्हणून फाटकाचे खांब गेले आणि त्यांच्यामागून डोरीनचा कपडे वाळत घालायचा दांडाही गेला.

"माझ्या चादरी कुठे वाळवू?" डोरीननं विचारलं.

"चादरींचं काय घेऊन बसलीस? आर्म बघ!"

तिनं बघितले. रागातही तिच्या तोंडून "बाई गं!" निघून गेलं. शेवटी ती बसायला तयार झाली.

शर्यत रानातल्या मातीच्या वाटेवर, तीन फेऱ्यांची. वाट सोपी होती. ओढ्यापर्यंत सरळ, पुढे मोठ्या वारुळापाशी उजवीकडे, आणि तळ्याला वळसा घालून परत. वारूळ दोन पुरुष उंच, सिमेंटसारखं कडक. आयव्हीबाईच्या आज्यालाही ते तेवढंच आठवायचं म्हणे. तिथे बाणाची पाटी लावावी असं कुणाच्या कधी मनातही आलं नव्हतं. वारूळ होतं ना!

नेव्हिलची बग्गी आता इतकी जड झाली होती, की पहिल्या फेरीतच सगळे तिला धुळीत टाकून पुढे गेले. क्लॅरीनं तर जाताजाता टोपी उंचावली. त्या धुळीत नेव्हिलला पुढचं दिसेना.

"उजवीकडे!" डोरीन ओरडली. "नेव्हिल, वारूळ!"

"कुठाय?"

ते होतं ते समोरच होतं. बग्गीचं उजवं चाक वारुळाच्या बुडाशी जाऊन थडकलं. क्षणभर काहीच घडलं नाही. मग तो तांबडा मनोरा हळूच, एखादा म्हातारा खुर्चीत मागे रेलावा तसा कलला आणि आडवा झाला. जमीन हादरली. झाडावरचे काकाकुवे एकदम उडाले, आणि नंतर इतकं शांत झालं, की मुंग्यांचीसुद्धा कुजबुज ऐकू येईल असं डोरीनला वाटलं.

नेव्हिल खाली उतरला, गुडघ्यांवर बसला आणि चाकामागे डोकावला.

"डोरीन," तो हलक्या आवाजात म्हणाला, "ओरखडासुद्धा नाही गं."

डोरीनही उतरून बघून आली. दोघं नवरा-बायको देवळात उभं राहावं तसे त्या आर्मसमोर उभे राहिले.

आर्म शाबूत होता. पण धक्का कुठेतरी जाणारच. तो सांगाड्यात गेला होता. स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं, की चाक सांगाड्याला घासून अडायचं. गाडी सरळ जायची, डावीकडे वळायची, उजवीकडे मात्र ढिम्म.

"चल घरी," डोरीन म्हणाली.

"आर्म मोडला नाही आणि मी शर्यत सोडू? क्लॅरीला काय सांगू?"

"उजवीकडे कसा वळणारेस मग?"

"डावीकडून!"

म्हणजे प्रत्येक उजव्या वळणाला डावीकडे वळत वळत जवळजवळ पूर्ण गिरकी घ्यायची आणि हवं तिकडे तोंड झालं की सुटायचं. अशा चार गिरक्यांत नेव्हिलचा चेहरा पांढराफटक पडला.

"मला दोन तळी दिसतायत," तो म्हणाला.

"सरक तिकडे," असं म्हणून डोरीन स्टिअरिंगवर बसली. तिला गरगरत नव्हतं. उलट आठव्या गिरकीला ती शीळ घालायला लागली.

तेवढ्यात तळ्यापलीकडे बाकीच्या गाड्या दुसऱ्या फेरीला धुरळा उडवत आल्या आणि ओढा ओलांडून सरळच निघून गेल्या. सगळ्यात पुढे क्लॅरी होता.

"हे कुठे निघाले सगळे?" डोरीननं विचारलं.

नेव्हिलनं डोळे मिटले होते. "आपल्याला घाबरले असतील," तो कसाबसा म्हणाला.

ऊन उतरता उतरता बग्गी शेवटची गिरकी घेऊन रेषेपार आली. आयव्हीबाई खिम्याची पॅटिस खात बसली होती. ती काठी विसरून उठली.

"बाकीचे कुठेत?"

बाकीचे वारूळ शोधत होते. उजवीकडे वळायची खूण येईल, आता येईल, म्हणून सगळे क्लॅरीच्या मागोमाग सरळ जात राहिले, ते थेट शेजारच्या रानातल्या गुरांच्या कोंडवाड्यात जाऊन रुतले. क्लॅरी परत आला तो गुरांच्या ट्रकमध्ये, एका बैलाशेजारी उभा राहून.

नेव्हिलनं आपण होऊन सगळं सांगितलं. आयव्हीबाईनं खूप विचार केला. वारूळ पाडू नये असा नियम नव्हता, कारण ते पडू शकतं असं कुणाला वाटलंच नव्हतं. तिनं करंडक डोरीनच्या हातात दिला. क्लॅरी बग्गीखाली आडवा झाला, बराच वेळ आर्मकडे बघत राहिला आणि बाहेर येऊन म्हणाला, "नेव्ह, मी काही बोलत नाही."

"वळणावर आता खूण तू उभी करायचीस," आयव्हीबाईनं नेव्हिलला बजावलं. "कुणाच्या बापाला पाडता येणार नाही अशी."

नेव्हिलनं मन लावून खांब केला. तोही बोअरच्या पाइपांचाच, आतून तिरके आधार दिलेला, बुडाशी पोलादी त्रिकोण लावलेला. तो उभा राहिला आणि गावाला एकच प्रश्न पडला. पबात, पेट्रोल पंपावर, चर्चच्या पायऱ्यांवर तेच बोलणं. आधी कोण मोडेल, आर्म की खांब?

पुढच्या वर्षी शर्यतीची रेषा ओस पडली होती. सगळं गाव खुर्च्या घेऊन वळणावर जमलं होतं. सांगाडा सरळ झाला होता. डोरीन स्टिअरिंगवर, नेव्हिल शेजारी. बग्गी ओढा ओलांडून दिसली, तशी माणसं उभी राहिली. क्लॅरीनं टोपी काढून छातीशी धरली.

डोरीननं ऐटीत स्टिअरिंग फिरवलं आणि खांबापासून चांगली हातभर लांबून, नीट, सुरेख उजवीकडे वळून ती निघून गेली.

सगळ्या गावानं एकदम सुस्कारा सोडला. त्यात सगळ्यांत मोठा सुस्कारा बग्गीच्या आतून आला.

"अगं," मागे वळून खांबाकडे बघत नेव्हिल कळवळून म्हणाला, "निदान थोडीशी घासून तरी न्यायचीस!"