खरात सरांनी मला न सांगितलेलं नाटक

खरात सर कोणाला नमस्कार करत नाहीत. आधी समोरच्याच्या छातीकडे बघतात, मग डोळ्यांत बघतात आणि विचारतात, "शेवटचं कधी रडलात?"

समोर बँकेचा मॅनेजर असो, गाड्यावर केळी विकणारा असो, नाहीतर लग्नाची पत्रिका द्यायला आलेला पाहुणा असो. प्रश्न तोच. माणूस गडबडतो. म्हणतो, "रडायला काय झालं सर? सगळं बरं चाललंय की."

"तेच तर," सर म्हणतात. "आखडली. बिलकुल आखडली छाती." आणि तिथेच, रस्त्यात उभं राहून, त्याला एक नाटक सांगतात.

सर अंबडच्या एका शाळेत पीटीचे मास्तर होते. नोकरीभर पोरांना कवायत शिकवली, कबड्डीचं मैदान आखलं. एका वर्षी मराठीच्या बाई आजारी पडल्या म्हणून नाट्यस्पर्धेला पोरं घेऊन यांना जावं लागलं. आपल्या पोरांचं नाटक झाल्यावर निघायचं, तर हे दुसऱ्या शाळेचं बघत बसले. त्यात एक आजोबा घर विकायच्या आधी खोल्याखोल्यांतून फिरून भिंतींना हात लावतात, एवढंच होतं म्हणे. सर शिट्टी तोंडात धरून रडले. शिट्टी वाजली. पडद्यामागून कोणीतरी ओरडलं, "अरे, कोण आहे तो येडा?" तेव्हापासून कबड्डी सुटली आणि नाटक लागलं.

नाटकही साधंसुधं चालत नाही. नवं पाहिजे, आणि लिहिणारा जिवंत पाहिजे. "जुन्याला बघणारे लई आहेत," असं त्यांचं म्हणणं. "ही पोरं आज लिहून राह्यलीत. आज कोणी बघितलं न्हाई, तर उद्या ती प्लॉटिंगच्या धंद्यात जातील." म्हणून हा पेन्शनर माणूस एसटीने संभाजीनगरला जातो, नांदेडला जातो, पुण्यालाही जातो. परत आला की गल्लीत वाटप सुरू. नाटकाचं नाव कधी सांगत नाही. बीडच्या एका पोरीने लिहिलेलं ते 'बहिणींचं'. लातूरच्या दवाखान्यात नोकरी करणाऱ्या पोराचं ते 'ड्रायव्हरचं'. नाव, तारीख, थिएटर मोबाईलवर पाठवून देतात. पण तोंडाने सांगताना हात छातीवर ठेवून एवढंच म्हणतात, "हे बराबर इथं बसतं. मोकळी होईल."

आणि मोकळी होते, हे मला मान्य करावं लागतं. आमच्या लाईनीतला रफिक टेलर घ्या. जुन्या जालन्यातल्या सख्ख्या भावाशी त्याचं बोलणं बंद होतं. सरांनी त्याला बहिणींचं सांगितलं. दोघी बहिणी आईच्या बाजेसाठी भांडतात, एवढीच गोष्ट. रफिक बघून आला, सकाळी मशीनवर कपडा तसाच सोडला आणि भावाच्या दारात जाऊन उभा राहिला. माझ्या बायकोलाही सरांनी एक दिलं. ती बघून आली आणि आठवडाभर मला "जेवलात का?" असं हळू आवाजात विचारत होती. मला वाटलं, माझे रिपोर्ट वाईट आले असतील आणि कोणी सांगत नसेल.

सरांची यात एकच अट असते. नाटक बघितल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते येतात. बसत नाहीत. एवढंच विचारतात, "कुठं?" म्हणजे नेमकं कुठं भरून आलं ते सांगायचं. रफिकने सांगितलं, धाकटी बहीण बाजेच्या सुटलेल्या सुंभाला गाठ मारते तिथं. सरांनी डोळे मिटले, मान हलवली आणि गेले. याला ते पावती म्हणतात.

आता माझं दुखणं सांगतो. गल्लीत सगळ्यांना नाटक मिळालं. मला नाही.

माझं इथं जालन्यात स्टेशन रोडला पाईप आणि मोटारपंपाचं दुकान आहे. अंबडकडच्या खेड्यातून आलो तेव्हा हातात पिशवी होती आणि पिशवीत काही नव्हतं. आज जे आहे ते भाव करून मिळवलेलं आहे. माल आत आहे आणि दुकानदार तोंडाने नाही म्हणतोय, याचा मला लगेच वास येतो. सर मला दरवेळी म्हणायचे, "तुमच्यासाठी अजून कोणी लिहिलेलं न्हाई, शेठ." आणि म्हणताना दुसरीकडे बघायचे. मग मी कसा सोडेन? दुकान उघडून दिलं की रोज त्यांच्या ओसरीवर.

"रफिकचंच मला द्या," मी म्हणायचो.

"दुसऱ्याच्या मापाचं तुम्हाला कसं बसल?"

"बरं, नवीन नको. उतरलेलं द्या. कोणाला लागू पडलं नसेल असं."

"शेठ, हा काय पंप आहे का?"

"मग माझ्यात काय खोट आहे ते तरी सांगा!"

"चहा घ्या," सर म्हणायचे. मी चहा घ्यायचो आणि भांडायचो. नाटकावरून सुरुवात व्हायची आणि मग पाण्याच्या टाकीवर, नगरपालिकेवर, खेळाडूंवर, चहातल्या आल्यावर. माझा आवाज चढला की समोरच्या घराची खिडकी लागायची. सर मात्र मजेत असायचे. मी उठलो की म्हणायचे, "न्हाई पटलं. उद्या बोलू." याचाही मला राग यायचा. एवढा वेळ घालवायचा आणि सौदा नाही!

एक दिवस हद्द झाली. माझ्या समोर बोराडेचं दुकान आहे. तोही पंपच विकतो आणि मी सांगितलेल्या भावाच्या खाली सांगतो, एवढाच त्याचा धंदा. तो सकाळी मुद्दाम रस्ता ओलांडून आला. डोळे सुजलेले, चेहरा धुतल्यासारखा.

"काय राव," तो म्हणाला, "काल सरांनी सांगितलेलं बघून आलो. लई रडलो. एकदम हलकं वाटून राह्यलंय. तुमचं झालं का?"

"नाही."

"अजून न्हाई? मला तर त्यांनी जल्दी सांगितलं."

मी गल्ला तसाच टाकून निघालो. सर ओसरीवर कमरेवर हात ठेवून उजवीकडे-डावीकडे वाकत होते.

"बोराडेला?" मी ओरडलो. "त्या बोराडेला छाती आहे आणि मला नाही?"

"बसा, शेठ."

"बसत नाही. आज हो की नाही ते सांगा. नाही म्हणालात तर या ओसरीवर पुन्हा पाय ठेवणार नाही."

सर वाकलेले तसेच थांबले. मग सरळ झाले आणि खाली पायरीवर बसले. इतका ताठ माणूस, पण बसताना भिंतीचा आधार घेतला.

"रफिक आता कोणत्या रस्त्यानं जातो, बघितलं का?" त्यांनी विचारलं.

मी काय बघणार? मी चिडलेला होतो.

"आधी रोज इथून जायचा. बटण लावून द्यायचा, दोन शिव्या देऊन जायचा. आता मागच्या बोळातून जातो. आपल्या गल्लीतले डॉक्टर माझं बीपी स्वतः बघायचे. आता कंपाउंडरला पुढं करतात. तुमच्या घरच्या ताई मला बघितलं की भाजीच्या पिशवीत डोकं घालतात. बोराडेबी आता येणार न्हाई, बघा तुम्ही. माणूस रडला, कुठं रडला ते मला सांगितलं, की मंग त्याला माझ्याकडं बघवत न्हाई. उघडं पडल्यासारखं होतं त्याला. मी समजतो ते."

"मग सांगता कशाला लोकांना?"

"सांगितल्याशिवाय राहवत न्हाई ना. कोणीतरी छाती धरून चाललेला दिसला, की मला बराबर माहीत असतं, याचं कोणतं आहे." सरांनी शिट्टीच्या जुन्या दोरीशी चाळा केला. ती अजून गळ्यात असते. "तुमचं माझ्याकडं आहे, शेठ. केव्हाचं आहे. म्हणलं, एवढं एक राहू द्यावं. आमची ही गेली, तेव्हापासून या घरात मोठ्यानं बोलणारं दुसरं कोण येतं?"

गिऱ्हाईकाने अचानक खरा भाव सांगितला की मला पुढे भाव करता येत नाही. तसं झालं.  जायला वळलो आणि परत फिरलो. शेवटी मीच म्हणालो, "मला दाखवा. मी काही रडत नसतो."

सरांनी पुष्कळ वेळ मोबाईल हातात धरला. मग पाठवलं.

रविवारी दुपारचा प्रयोग होता, संभाजीनगरला. मी एकटा गेलो. परभणीकडच्या कोण्या मुलाने लिहिलेलं नाटक. एक म्हातारा गावाहून मुलाला भेटायला शहरात येतो आणि मुलाच्या ऑफिसबाहेरच्या बाकावर बसून राहतो. आत जात नाही. पोराच्या कामात मोडता नको म्हणून. येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारतो, "आत गर्दी आहे का? आहे ना? बरं बरं." आणि खूश होतो.

माझे वडील असेच यायचे. दुकानात गिऱ्हाईक असेल तर समोर रसवंतीच्या सावलीला उभे राहायचे. मी हात केला तर मानेनेच सांगायचे, तुझं चालू दे. हे मी कधी कोणाला बोललो नव्हतो. पण सर त्या काळात त्याच रसवंतीवर बसून अंबडच्या बसची वाट बघायचे. पुढच्या अंकात बाकावरचा म्हातारा धोतराच्या सोग्याने चपला पुसतो आणि शेवटी आत जायला उठतो. बाकीचं मला नीट दिसलं नाही. शेजारच्या अनोळखी बाईंनी मला त्यांचा रुमाल दिला.

सोमवारी सकाळी सर आले नाहीत.

मी दुकान उघडलं. एका शेतकऱ्याला चुकीचा पाईप काढून दिला, तो परत घेतला, पोऱ्यावर उगीच ओरडलो. सारखं रस्त्याकडे बघत होतो. अकरा वाजले. सर पावती घ्यायला आले नाहीत. रफिक जातो तो मागचा बोळ होताच. मलाही घरी तिकडून जाता आलं असतं. खरं सांगतो, तिकडूनच जावंसं वाटत होतं. छाती उघडी टाकून त्या माणसासमोर उभं राहायचं, हे बोलायला सोपं आहे.

दुपारी उठलो आणि तडक त्यांच्या दारात गेलो. दार लोटलेलं होतं, ते ढकललं. सर आत एकटे, ताटावर बसलेले. मला बघून घास हातातच राहिला.

"सर," मी ओसरीवरूनच ओरडलो, "हे काय नाटक झालं? काय बघायला पाठवता लोकांना?"

समोरच्या घराची खिडकी लागली.

सर माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. डोळे अजून लाल असणार माझे, ते लपत नाहीत. त्यांनी ते बघितलं. 'कुठं' विचारलं नाही.

"का? काय झालं?" ते म्हणाले.

"म्हातारा किती वेळ बसतो! कोणता माणूस इतका वेळ बाकावर बसतो? आणि वॉचमन त्याला उठवत नाही? लिहिणाऱ्याने कधी ऑफिस बघितलंय का? पैसे वाया!"

सरांनी ताट बाजूला सारलं. हात तसाच उष्टा. पण मान वर आली, छाती पुढे आली.

"वॉचमन उठवत न्हाई, कारण वॉचमनचा बाप बी तसाच आहे, शेठ! तुम्ही झोपला होता का तिथं?"

"झोपतो कशाला? जागा होतो म्हणून तर बोलतोय!"

"मंग बराबर बघा ना! बसा. बसा आधी."

मी बसलो. आम्ही भांडलो. माझा घसा बसला तेव्हा दुकानातून पोऱ्या बोलवायला आला, गिऱ्हाईक थांबलंय म्हणून. मी उठलो.

"आज आपलं फक्त पहिल्या अंकाचं झालंय," सर घाईने म्हणाले. "दुसरा राह्यला."

"उद्या मला वेळ नाही. माल यायचाय."

"दहा मिनिटं."

"सर, उद्या जमणार नाही."

"चहा पिऊन जायचं. पाच मिनिटं, शेठ."

या माणसाने आजवर माझ्याशी कधी घासाघीस केली नव्हती. पाचावर आला आणि तरी दारात माझा हात धरून उभा होता.

"पाच मिनिटांत काय भांडण होतं का?" मी म्हणालो. "अर्धा तास तरी पाहिजे."