कादिर मिस्त्रीची ईद आणि माझी पक्की तारीख

सुट्ट्यांच्या बाबतीत अख्ख्या भिलाईत माझ्याएवढा जाणकार दुसरा नव्हता, हे मी छातीठोकपणे सांगतो! एकोणसाठ सालची पोलाद कारखान्यातल्या आमच्या विभागाची सुट्ट्यांची यादी मीच टाइप केली होती. कोणता सण कोणत्या वारी, झोपेतून उठवून विचारा! त्यामुळे आमचे रशियन इंजिनिअर गेन्नादीसाहेब जेव्हा म्हणाले, "भाऊराव, हम ईद देखना मांगता," तेव्हा मी लगेच सांगून टाकलं, "गुरुवार, सुबह दस बजे. बाकी हमपर छोडो!"

कुणाच्या घरी न्यायचं हाही प्रश्न नव्हता. टूल स्टोअरचा कादिर मिस्त्री माझा दोस्त, जवळच्याच मरोदा वस्तीत राहायचा. त्यात यंदा त्याची अम्मी कामठीहून आली होती. भिलाईची नोकरी धरल्यापासून तीन वर्षांत मायलेकांची ही पहिलीच एकत्र ईद!

गुरुवारी मी कडक इस्त्रीचा शर्ट घालून निघालो, तर आमची वच्छला आडवी आली. "अवो, काल चांद दिसला नाही म्हणते सारे. कादिरभाऊले विचारून तं घ्या."

"विचारू कावून? यादीत छापलं हाय!" मी म्हणालो. "चांद का सरकारच्या वर हाय?"

कादिरनं दार उघडलं ते जुन्या बनियनमध्ये. मी गल्लीभर ऐकू जाईल असं "ईद मुबारक!" ओरडलो. ईदेला तीनदा गळाभेट घ्यायची, हे साहेबांना मी वाटेतच शिकवलं होतं. सहा फुटी माणूस! तिसऱ्या भेटीला कादिरचे पाय जमिनीवरून सुटले. खाली आल्यावर त्यानं माझ्याकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं.

"आओ साहब, बैठो," एवढंच तो म्हणाला.

आत कुजबुज झाली, स्टोव्ह पेटला. अर्ध्या तासानं शेवयांचा खुर्मा आला. साहेबांनी तीन वाडगे रिचवले, मी दोन. बाहेर एप्रिलचं ऊन नुसतं भाजत होतं. अम्मी साहेबांना पंख्यानं वारा घालत होत्या, कादिर भिंतीला टेकून बसला होता. ओठ कोरडे पडलेले.

साहेबांनी चौथा वाडगा त्याच्यापुढे सरकवला. "कादिर, तुम खाओ!"

"नहीं साहब. हमारा रोजा है."

माझ्या हातातला चमचा हातातच राहिला!

"कादिर, मंग ईद?"

"उद्या हाय, भाऊराव. चांद दिसलाच नाही ना काल."

"मंग बोलला कावून नाही बाप्पा?"

"दारात आलेल्या पाहुण्याले काय सांगू, उद्या ये म्हणून?"

"पण सुट्टी तं आजची हाय!"

"हो ना. तूच तं छापली. उद्या आपली ड्यूटी हाय." कादिर शांतपणे म्हणाला. अम्मींच्या हातातला पंखा थांबला.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उपाशी माणसांपुढे बसून मी त्यांची उद्याची खीर खाल्ली होती, आणि वर त्यांची ईदही घालवली होती! साहेबांना हे सगळं मोडक्यातोडक्या हिंदीत समजावता समजावता माझा इस्त्रीचा शर्ट घामानं चिंब झाला. त्यांनी वाडगा हलकेच खाली ठेवला.

"कल कादिर घर में," ते म्हणाले.

"पर साहब, टूल स्टोअर कौन देखेगा?" मी विचारलं.

साहेबांनी बोट माझ्याकडे रोखलं.

शुक्रवारी टूल स्टोअरच्या खिडकीत मी! फाइल सोडून आयुष्यात काही हाताळलेलं नाही. फिटरनं पाना मागितला, मी घण दिला. वेल्डरनं चष्मा मागितला, मी माझाच काढून दिला. दुपारपर्यंत खिडकीपुढे लांबच लांब रांग लागली आणि रांगेतला एकूण एक माणूस हसत होता.

ती रांग बाजूला सारत गेन्नादीसाहेब आले. थेट कादिरकडूनच येत होते. कोटाला अत्तराचा वास, हातात फडक्यानं झाकलेला वाडगा. अम्मींचा निरोप त्यांनी वाटभर घोकला असणार, कारण तो त्यांनी सगळ्या रांगेला ऐकू जाईल असा खणखणीत आवाजात म्हणून दाखवला:

"भाऊराव बेटा, खा लो. ईद आज है!"

मी मान खाली घालून वाडगा चाटूनपुसून साफ केला. खुर्मा कालच्यापेक्षा चांगला झाला होता, खोटं कशाला बोलू!