हसऱ्या माणसाचं पोट

माणसाच्या सुखदुःखाचा उगम त्याच्या हृदयात असतो, असं आजवर थोरामोठ्यांनी सांगितलं आहे. चष्म्याच्या दुकानात नंबर काढणाऱ्या एका गृहस्थांच्या बाबतीत मात्र तो मोठ्या आतड्यात असावा, असा डॉक्टरीणबाईंना संशय आला.

गृहस्थ काही महिने उदास होते. गिऱ्हाईक म्हणालं, "शेवटची ओळ दिसत नाही," की ते म्हणत, "दिसून तरी काय करायचंय?" आणखी एक गिऱ्हाईक असं परत गेलं की उद्यापासून घरी बसा, असं मालकांनी बजावलं होतं. दुपारी फोन वाजला, की नोकरी गेली असं समजून बायको तो उचलायलाच कचरे. गोळ्या सुरू करू, असं डॉक्टरीणबाईंनी म्हटलं, तर गृहस्थ त्यावरही "काय उपयोग" म्हणाले होते.

"आतड्यातले जीवाणू काही द्रव्यं तयार करतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्यांचा मनावर परिणाम होतो असं दिसतंय. अजून पक्कं नाही, म्हणून तर अभ्यास चालू आहे. निरोगी, आनंदी माणसाचे जीवाणू यांच्या आतड्यात सोडून बघता येतील. आहे कुणी घरात?"

"पण ते आणायचे कशातून?"

बाईंनी सांगितलं. बायकोने पर्सची चेन उगाच उघडली आणि लावली.

घराण्यात आनंदी माणूस एकच, तिचा धाकटा भाऊ. तो गाडी शिकवायचा. शिकाऊ माणसाने गाडी खांबावर घातली तरी हसत खाली उतरायचा. तिने त्याला फोन लावला. पण नेमका शब्द काही तोंडातून फुटेना.

"तुझ्या दाजींसाठी तुझ्या पोटातलं काहीतरी हवंय रे."

पलीकडे भावाचा आवाज एकदम खाली आला. "ताई, एक दिलं तरी माणूस जगतो ना?"

"अरे, थोडंसंच लागतं," ती घाईघाईने म्हणाली आणि लाजून तिने फोन ठेवला.

तासाभरात भावजयीचा फोन आला. "वन्सं, मूत्रपिंड मागायचं तर निदान घरी येऊन तरी मागायचं."

वन्सं खुलासा करणार, तोवर पलीकडे हुंदके सुरू झाले होते. संध्याकाळी भाऊ, भावजय आणि आई अशी तिघं दारात हजर. भाऊ दाजींसमोर बसला, घसा खाकरला आणि म्हणाला, "दाजी, डावं घ्या. मला उजव्या कुशीवर झोपायची सवय आहे."

"कशाला?" गृहस्थ म्हणाले. "माझी दोन्ही चालू आहेत."

आता सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. बायकोने भिंतीकडे बघत एका दमात सगळं सांगून टाकलं. भावजयीचे डोळे जागच्या जागी कोरडे झाले. भाऊ उठून उभा राहिला.

"मूत्रपिंडाची गोष्ट वेगळी होती, ताई. त्यात मान असतो."

"अरे, पण ते वायाच जातं ना रोज?"

"म्हणून काय कुणीही मागावं?"

"दे रे," आई म्हणाली. "जावयांची नोकरी जाईल. लहानपणी हिच्या ताटातलं उचलून खायचास, तेव्हा नाही विचार केलास."

गाडी शिकायला येणाऱ्यांपैकी कुणाच्या कानावर जाता कामा नये, या अटीवर भाऊ तयार झाला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी त्याला समोर बसवलं. गृहस्थ आणि बायको शेजारी. व्यसन? नाही. पोटाची तक्रार? नाही. झोप? उत्तम. प्रत्येक उत्तराला बायको मान डोलवत होती.

"सध्या काही औषधं?"

भावाने ताईकडे बघितलं, मग टेबलाकडे. "उदासीवरची एक गोळी. रोज सकाळी."

"तू?" ताई म्हणाली. "कधीपासून?"

"झाली सहा वर्षं. बरी आहे गोळी."

"मग चालणार नाही," बाई म्हणाल्या.

बाईंनी पेनाला टोपण लावलं. मग गृहस्थांनी मेव्हण्याला विचारलं, "जेवणाआधी घेतोस की नंतर?"

"नंतर."

बाईंनी गृहस्थांना गोळी लिहून दिली. जेवणानंतर.